शिळ्या पावाचा सदुपयोग

पोळी आणि भाकरी हे ज्यांचे रोजचे अन्न, त्यांच्या घरीही पाव आता पाहुणा राहिलेला नाही. नोकरीधंद्यानिमित्त मराठी मुलुखापासून दूर जाऊन राहिलेल्या दोन-तीन माणसांच्या बिऱ्हाडात तर सकाळच्या घाईच्या वेळी त्याचाच मोठा आधार असतो. परंतु पावाचा पुडा घरातील माणसे मोजून बांधलेला नसतो. चारशे ग्रॅमचा पुडा आणला, की पहिले दोन दिवस तो आवडीने खाल्ला जातो, तिसऱ्या दिवशी कर्तव्य म्हणून खाल्ला जातो आणि चौथ्या दिवशी त्याचे पाच-सहा काप तळाशी उरतात. ते हाताला कोरडे व कडक लागतात. कोणीतरी ते दाबून पाहते, “शिळा झाला,” असे म्हणते आणि पुडा कचऱ्याच्या टोपलीत जातो.

ह्याच घरात शिळी पोळी मात्र सहसा टाकली जात नाही. तिचा कुस्करा करून त्याला कांद्याची फोडणी देतात, किंवा गूळ-तूप घालून मुलांसाठी लाडू वळतात. शिळा भातही फोडणी लेऊन पुन्हा पानात येतो. पोळीला आणि भाताला जो न्याय मिळतो, तो पावाला मिळत नाही. आणि ह्याचे कारण निष्काळजीपणा हे नव्हे. पोळीचे पुढे काय करावयाचे हे आजीने आईला व आईने मुलीला शिकविले. पावाच्या बाबतीत ही परंपरा आपल्याकडे तयार झालेली नाही. पाव ज्यांचे मुख्य अन्न आहे त्यांच्याकडे ती पुरेपूर आहे, आणि त्यांच्याकडून उचलण्याजोगी सर्वांत सोपी गोष्ट म्हणजे क्रुटॉन.

शिळ्या पावाचे लहान चौकोनी तुकडे करावयाचे, ते तेलात किंवा लोण्यात घोळावयाचे, कडक होईपर्यंत भाजावयाचे आणि सूपवर अथवा कच्च्या भाज्यांच्या कोशिंबिरीवर पसरून वाढावयाचे, एवढीच ह्या पदार्थाची कथा आहे. हॉटेलात गरम सूपबरोबर वाटीभर खमंग तुकडे येतात, तेच हे. शब्द फ्रेंच आहे. पावाच्या कडक कवचाला त्या भाषेत ‘क्रूत’ म्हणतात आणि त्याचे लघुत्व दाखविणारे रूप म्हणजे हा शब्द. फ्रान्समध्ये लांबट पावाच्या टोकाशी जो कडक तुकडा येतो त्यालाही हेच नाव आहे.

पावाचे आणि सूपचे नाते मात्र क्रुटॉनपेक्षाही जुने आहे. इंग्रजीतून आपल्याकडे आलेल्या ‘सूप’ ह्या शब्दाचे संस्कृतातील वरण ह्या अर्थाच्या ‘सूप’ शब्दाशी असलेले साम्य पाहून दोहोंची एकच वंशावळ लावण्याचा मोह होतो. पण युरोपीय शब्दाची वाट निराळी आहे. फ्रेंच भाषेत ‘सूप’ म्हणजे मुळात ज्यावर गरम रस्सा ओतावयाचा तो पावाचा तुकडा. पुढे तुकडा मागे पडला आणि रश्शालाच ते नाव चिकटले. तेव्हा आज सूपवर क्रुटॉन पसरले जातात तेव्हा पाव आपल्या जुन्या घरीच परत येतो, असे म्हणावयास हरकत नाही.

हा विचार एका फ्रान्सलाच सुचला असे नाही. इटलीच्या टस्कनी प्रांतात शिळा पाव भिजवून त्यात टोमॅटो, कांदा व ऑलिव्हचे तेल घालतात आणि त्या पदार्थाला पांझानेल्ला म्हणतात. लेबनान व सिरिया ह्या देशांत कडक केलेल्या चपट्या रोटीचे तुकडे घालून फत्तूश नावाची कोशिंबीर करतात. स्पेनमध्ये शिळ्या पावाचा चुरा लसूण घालून तेलात परततात. त्याचे नाव मिगास. आपल्या देशात हैदराबादने पावाचे काप तुपात तळून, साखरेच्या पाकात व दुधात मुरवून ‘डबल का मीठा’ केला. पावाला तिकडे डबल रोटी म्हणतात, म्हणून हे नाव. आणि मुंबई-पुण्याच्या बेकरीतला चहात बुडवून खावयाचा टोस्ट तरी काय आहे? भाजून झालेल्या पावाचे काप करून ते पुन्हा एकदा भट्टीत वाळविले, की टोस्ट होतो. क्रुटॉन हा त्याचाच धाकटा, तेलमीठ लावलेला भाऊ आहे.

क्रुटॉन करण्यापूर्वी पाव शिळा होतो म्हणजे नेमके काय होते, हे समजून घेणे इष्ट आहे. त्यातील पाणी उडून जाते आणि म्हणून तो कडक होतो, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती अपुरी आहे. झाँ-बातिस्त बूसँगो ह्या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५२ साली दाखवून दिले, की पाव हवाबंद ठेवून त्यातील पाणी मुळीच बाहेर जाऊ दिले नाही तरीही तो शिळा होतो, आणि तोच पाव पुन्हा तापविला तर मऊ होतो. मग पाणी गेले नसताना पावात बदल कशामुळे झाला, हा प्रश्न उरला. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात योहान रुडॉल्फ कात्झ ह्या डच शास्त्रज्ञाने क्ष-किरणांच्या साहाय्याने त्याचा उलगडा केला. पाव भाजताना पिठातील पिष्टाचे कण पाणी पिऊन फुगतात आणि त्यांची मूळची नीटस रचना विस्कटते. ताज्या पावाचा मऊपणा ह्या विस्कटलेल्या अवस्थेमुळे असतो. पाव थंड होऊन पडून राहिला, की ते पिष्ट हळूहळू पुन्हा रांगेत येऊ लागते, त्याचे सूक्ष्म स्फटिक बनतात आणि गर ताठर होतो. पाणी बव्हंशी पावातच असते. ते फक्त निराळ्या ठिकाणी अडकून पडलेले असते.

ह्या शोधातून व्यवहाराच्या दोन गोष्टी निघतात. पहिली अशी, की पिष्टाची ही पुनर्रचना शून्य अंशाच्या थोड्या वर, म्हणजे घरगुती फ्रिजमध्ये जे तापमान असते त्याच तापमानात, सर्वांत वेगाने होते. म्हणून फ्रिजमध्ये ठेवलेला पाव बाहेरच्या पावापेक्षा लवकर ताठरतो. बर्फाच्या कप्प्यात गोठविला तर मात्र ही क्रिया जवळजवळ थांबते. पावसाळ्यात बुरशीच्या भीतीने पाव फ्रिजमध्ये ठेवावा लागतो आणि तो कडक झाला म्हणून तक्रारही होते. क्रुटॉन करणाऱ्याला ह्या तक्रारीचे कारण नाही. ताठरलेल्या पावाचे तुकडे सुरीखाली स्वच्छ कापले जातात, चेपत नाहीत व त्यांचा चुराही थोडा पडतो. ताज्या पावाचे क्रुटॉन करू गेल्यास सुरीखाली तो गोळा होतो.

दुसरी गोष्ट अशी, की साठ-सत्तर अंश सेल्सियसच्या पुढे तापविताच ते स्फटिक विरघळतात आणि पाव पुन्हा मऊ होतो. म्हणजे शिळ्या पावाचे तुकडे भट्टीत घातल्यावर ते आधी मऊ पडणार आणि त्यानंतर त्यांतील पाणी जाऊन ते कडक होणार. पुष्कळांचे क्रुटॉन बिघडतात ते ह्याच टप्प्यावर. बाहेरून रंग आला म्हणून ते लवकर काढले जातात, आतला गर नुसताच मऊ झालेला असतो, आणि दुसऱ्या दिवशी तुकडे चामड्यासारखे चिवट लागतात.

येथेच एक भेद स्पष्ट करावयास हवा. शिळा पाव आणि खराब झालेला पाव ह्या दोन वेगळ्या वस्तू आहेत. शिळेपण हा पिष्टाच्या रचनेतला बदल आहे. त्याने आरोग्याला कोणताही धोका नाही. बुरशी ही जिवंत वनस्पतीसदृश वाढ असून तिचे तंतू पावाच्या सच्छिद्र गरात डोळ्यांना दिसणाऱ्या डागाच्या पलीकडे पसरलेले असतात. काही बुरशींची विषारी द्रव्ये भाजण्याच्या उष्णतेनेही नाहीशी होत नाहीत. म्हणून पांढरा, हिरवा किंवा काळा ठिपका दिसला, अथवा कुबट वास आला, तर तेवढाच भाग कापून उरलेला वापरण्याची काटकसर करू नये. तो पाव टाकावा. आंबूस, फळासारखा वास आणि गर तुटताना चिकट तार सुटणे, ही उन्हाळ्यात दिसणारी लक्षणेही पाव बिघडल्याची आहेत. नुसता कडक झालेला पाव मात्र टाकण्याचे कारण नाही. काय टाकावे आणि काय टाकू नये हे ज्याला कळले त्याला अर्धी काटकसर साधली.

आता पाव कोणता घ्यावा हा प्रश्न. क्रुटॉन मैद्याच्या पावाचे होतातच, परंतु अख्ख्या गव्हाच्या पावाचे अधिक खमंग आणि अधिक पौष्टिक होतात. गव्हाच्या दाण्याचे तीन भाग असतात. वजनाने सुमारे ८३ टक्के भाग आतल्या पांढऱ्या गराचा, सुमारे १४ टक्के कोंड्याचा आणि दोन-अडीच टक्के अंकुराचा. मैदा म्हणजे केवळ गर. कोंड्यातील तंतू व खनिजे आणि अंकुरातील तेल व जीवनसत्त्वे त्यातून वगळली जातात. हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली भारतीय खाद्यपदार्थांचे जे पोषणकोष्टक प्रसिद्ध केले त्यात गव्हाच्या सबंध आट्यातील तंतूंचे प्रमाण शंभर ग्रॅममागे सुमारे ११ ग्रॅम आणि मैद्यातील सुमारे ३ ग्रॅम दिले आहे. हा फरक डोळ्याआड करण्याजोगा नाही.

मात्र तपकिरी दिसणारा प्रत्येक पाव अख्ख्या गव्हाचा असतो असे नव्हे. साखर जाळून केलेला कॅरमेल रंग घातला, की मैद्याचा पावही तपकिरी दिसतो. ग्राहकाला ह्यावर उपाय आहे, आणि तो पुड्यावरच छापलेला असतो. घटकद्रव्यांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने द्यावी असा आपल्या देशातील नियम आहे. यादीत पहिले नाव अख्ख्या गव्हाच्या पिठाचे असेल तर पाव नावाप्रमाणे आहे. पहिले नाव मैद्याचे असेल तर रंग कितीही गडद असला तरी तो मुख्यतः मैद्याचाच पाव समजावा. ‘अनेक धान्यांचा’ म्हणून विकल्या जाणाऱ्या पावालाही हीच कसोटी लावावी. वरून चिकटविलेले तीळ आणि जवस पाहून फसू नये.

मराठी माणसाला कोंड्याचा पाव अगदी अपरिचित आहे असेही नाही. ‘पाव’ हा शब्दच पोर्तुगीज भाषेतून आला, आणि गोव्यात पोदेर, म्हणजे पाव भाजणारा, जे विविध पाव करतो त्यांत पोई नावाचा एक प्रकार आहे. ती गव्हाच्या कोंडेदार पिठाची, वर कोंडा भुरभुरलेली व आत पोकळ असते. पूर्वी तिचे पीठ माडाच्या सुरेने फुगवीत असत. आता बहुधा यीस्ट वापरतात. दुसऱ्या दिवशीची पोई चिवट होते हे गोव्यात सर्वांना ठाऊक आहे. तिचे दोन पापुद्रे सोडवून, हाताने तोडून, तेल लावून भाजले, तर लेबनानी फत्तूशमध्ये शोभतील असे कुरकुरीत तुकडे मिळतात.

आता प्रत्यक्ष कृती. अख्ख्या गव्हाच्या पावाचे सुमारे २०० ग्रॅम काप घ्यावेत. नेहमीच्या आकाराचे सात-आठ काप तेवढे भरतात. कडा काढण्याची आवश्यकता नाही. उलट त्याच अधिक खुसखुशीत होतात. दातेरी सुरीने दीड सेंटीमीटर बाजूचे चौकोनी तुकडे करावेत. तुकडे नेमके मोजूनमापून करण्याची गरज नाही, पण ते साधारण एकसारखे असावेत. एरवी लहान तुकडे जळतात तेव्हा मोठे कच्चे असतात. तुकडे परातीत पसरून त्यांवर दोन मोठे चमचे, म्हणजे सुमारे २५ ग्रॅम, तेल थोडे थोडे शिंपडावे आणि प्रत्येक वेळी हाताने हलके उलथापालथ करावी. सर्व तेल एकाच जागी ओतले तर ते दोन-चार तुकडेच पिऊन टाकतात आणि बाकीचे कोरडे राहतात. नंतर पाव चमचा मीठ घालावे. पावात आधीच मीठ असते, हे लक्षात ठेवावे.

तेल कशासाठी, असे कोणी विचारील. ते भट्टीची उष्णता तुकड्याच्या पृष्ठभागावर सारखी पोचविते, मसाल्याचा सुगंध आपल्यात सामावून घेते आणि पुढे सूपमध्ये पडल्यावर तुकडा लगेच भिजू देत नाही. शेंगदाण्याचे, सूर्यफुलाचे किंवा ऑलिव्हचे, कोणतेही चालेल, तूपही उत्तम. स्वादासाठी मिरपूड, भाजलेल्या जिऱ्याची पूड, चुरडलेला ओवा, किंवा सुकी पुदिन्याची पाने घालावीत. लसूण हवी असल्यास ती बारीक करून तुकड्यांना चोळू नये, कारण पाव भाजून होण्यापूर्वीच ती जळून कडू होते. तेल किंचित कोमट करून त्यात ठेचलेल्या दोन पाकळ्या दहा मिनिटे ठेवाव्यात, मग पाकळ्या काढून ते तेल वापरावे. उरलेले लसणीचे तेल मात्र साठवून ठेवू नये. हवाबंद तेलात पडलेल्या लसणीत अत्यंत घातक जिवाणू वाढू शकतात.

भट्टी किंवा ओव्हन असेल तर तो आधी १७० अंश सेल्सियसपर्यंत तापवावा, तुकडे ताटात एकाच थरात पसरावेत आणि मध्ये एकदा हलवून पंधरा ते वीस मिनिटे भाजावेत. त्यानंतर ओव्हन बंद करून, दार किंचित उघडे ठेवून, तुकडे आणखी दहा मिनिटे आतच राहू द्यावेत. ह्या शेवटच्या दहा मिनिटांत रंग फारसा चढत नाही, पण आतला ओलावा निघून जातो.

ओव्हन नसला म्हणून अडत नाही. जाड बुडाची लोखंडी कढई किंवा मोठा तवा मंद आचेवर ठेवून त्यात तुकडे घालावेत आणि झाऱ्याने सारखे हलवीत वीस-पंचवीस मिनिटे परतावेत. चिवडा करताना पोहे जसे संयमाने भाजतात, तसेच. घाई करून आच वाढविली, की बाहेर काळे डाग पडतात आणि आत ओल राहते. नागपुराकडच्या उन्हाळ्यात तुकडे तासभर उन्हात पातळ फडक्याखाली पसरून मग कढईत घातले तर निम्मे काम सूर्यच करून ठेवतो. कोकणातल्या आषाढात मात्र उन्हाची वाट पाहू नये.

अख्ख्या गव्हाच्या पावाबाबत दोन सावधगिरीच्या सूचना आवश्यक आहेत. कोंड्याचे कण गव्हातील चिकट प्रथिनांच्या जाळ्याला छेद देतात, त्यामुळे हा पाव मैद्याच्या पावाइतका फुगत नाही. त्याचा गर दाट असतो आणि कोंडा पाणीही अधिक धरून ठेवतो. म्हणून त्याला आच मंद आणि वेळ थोडा जास्त लागतो. दुसरी सूचना रंगाची. मैद्याचा पांढरा तुकडा सोनेरी झाला की डोळ्यांना लगेच कळते. अख्ख्या गव्हाचा तुकडा आधीच तपकिरी असतो, त्यामुळे डोळ्यांवर विसंबून राहणारा हमखास फसतो. येथे नाकावर आणि कानावर भिस्त ठेवावी. कच्च्या पावाचा वास जाऊन भाजलेल्या धान्याचा खमंग वास सुटला, झाऱ्याखाली तुकड्यांचा आवाज खडखडीत होऊ लागला, की ते उतरण्याच्या बेतात आले आहेत. एक तुकडा बाहेर काढून दोन मिनिटे निवू द्यावा आणि मग मोडावा. तो कटकन तुटला आणि मध्यभागी मऊ लागला नाही तर झाले. गरम असताना परीक्षा घेऊ नये. गरम पिष्ट लवचीक असते आणि निवल्यावरच ते काचेसारखे ठिसूळ बनते.

ज्यांच्याजवळ वजनकाटा आहे त्यांना आणखी एक नेमकी कसोटी उपलब्ध आहे. पावात साधारण ३८ टक्के पाणी धरले तर २०० ग्रॅममध्ये ते ७६ ग्रॅम भरते आणि कोरडा भाग १२४ ग्रॅम उरतो. त्यात २५ ग्रॅम तेल मिळविले की १४९ होतात. तेव्हा तयार क्रुटॉनचे वजन १५५ ग्रॅमच्या आसपास आले असेल तर त्यात नाममात्रच ओलावा राहिला आहे असे समजावे. ते १७५ भरले, तर डब्यात भरण्याची घाई करू नये.

भाजताना जो रंग व सुगंध येतो त्याचे श्रेय प्रथिने आणि शर्करा ह्यांच्या संयोगाला आहे. लुई-कामीय मायार ह्या फ्रेंच वैद्यकशास्त्रज्ञाने १९१२ साली ह्या क्रियेचे वर्णन केले व तिला त्याचेच नाव मिळाले. कॉफी, भाजलेले शेंगदाणे, पोळीवरचे डाग, ह्या सर्वांच्या खमंगपणामागे हीच क्रिया आहे. परंतु तिची दुसरी बाजूही आहे. पिष्टमय पदार्थ फार तापविले असता त्यांत ॲक्रिलामाइड नावाचे द्रव्य तयार होते, असे २००२ साली स्वीडनमधील संशोधकांना आढळले. प्राण्यांवरील प्रयोगांत ते अपायकारक ठरले आहे, म्हणून अन्नातील त्याचे प्रमाण शक्य तितके कमी ठेवावे असा तज्ज्ञांचा सल्ला आहे. पदार्थ जितका अधिक करपावा तितके ते वाढते. तेव्हा तुकडे बदामी रंगावर उतरावेत. काळपट झालेले तुकडे कडूही लागतात आणि हितकरही नसतात. ते निवडून टाकावेत.

तुकडे पूर्ण निवल्याखेरीज बरणीत भरू नयेत. कोमट तुकड्यांची वाफ झाकणाला धरते, पुन्हा खाली उतरते आणि सगळे श्रम व्यर्थ जातात. घट्ट झाकणाच्या कोरड्या बरणीत ते आठ-दहा दिवस उत्तम राहतात. त्यांत किंचित मऊपणा आला तर कढईत पाच मिनिटे गरम केल्याने ते पूर्ववत होतात. महिनोन्महिने मात्र साठवू नयेत. अंकुरातील तेल आणि वरून लावलेले तेल, दोन्ही हवेच्या संपर्काने खवट होतात. बरणी उघडताच जुन्या चिवड्यासारखा वास आला, तर ते तुकडे पानात वाढू नयेत.

वाढण्याचेही एक शास्त्र आहे. क्रुटॉन स्वयंपाकघरात सूपमध्ये घालून बाहेर आणले, तर पानावर येईपर्यंत त्यांचा लगदा होतो. ते वेगळ्या वाटीत ठेवावेत आणि ज्याने त्याने आपल्या हाताने, खाण्याच्या क्षणी घालावेत. टोमॅटोचे सार, मुगाचे कढण, पालकाचे किंवा भोपळ्याचे सूप, ह्या सर्वांना ते चालतात. मऊसर, एकजीव पदार्थाला दातांखाली येणाऱ्या कठीणपणाची जोड मिळाली, की साधी चवही उठून दिसते. आमटीवर कुरडई किंवा पापड चुरून घेणाऱ्या माणसाला ह्याचे मर्म वेगळे सांगावयास नको. कोशिंबिरीत घालावयाचे असल्यास दही किंवा लिंबाचा रस आधी आणि तुकडे अगदी शेवटी. उरलेला चुराही फुकट घालवू नये. तो कटलेट घोळविण्यास उपयोगी पडतो.

मात्र एवढ्यावरून क्रुटॉन हे काही औषध आहे अशी समजूत करून घेऊ नये. अख्ख्या गव्हाचे तंतू त्यात शाबूत राहतात हे खरे, पण पाणी गेल्यामुळे आणि तेल आल्यामुळे वजनाच्या मानाने त्याची उष्मांकशक्ती पावापेक्षा बरीच अधिक होते. मूठभर तुकडे एका माणसाच्या सूपला पुरेसे आहेत. वाटी समोर ठेवून दाण्यांप्रमाणे ते खात बसल्यास काटकसरीचा लाभ पोटाच्या घेराला होईल.

पाच-सहा काप वाचविले म्हणजे घराचा फार मोठा खर्च वाचतो असे नाही. परंतु पावाचा काप पिशवीतून बाहेर येण्यापूर्वी बराच प्रवास करून आलेला असतो. रब्बी हंगामात कोणीतरी थंडीतल्या रात्री त्या गव्हाला पाणी दिलेले असते, कोणी तो कापलेला, मळलेला, वाहिलेला व दळलेला असतो, आणि कोणी पहाटे तीन वाजता भट्टीपुढे उभे राहून तो भाजलेला असतो. तो काप केवळ कडक झाला म्हणून टाकला जातो तेव्हा त्या सर्वांचे श्रम त्याबरोबर जातात. पिष्टाचे स्फटिक झाले एवढाच त्याचा दोष आणि त्यावर अर्ध्या तासाची मंद आच एवढाच उपाय. शिळ्या पोळीला आपल्या घरांनी जो मान दिला, त्यात पावाला सामील करून घेण्यास ह्याहून अधिक काही लागत नाही.